हरकत आहे

१ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टर म्हणाल्या, एक वही करा आणि रोज संध्याकाळी चार ओळी लिहा. ही वही नवी नाही. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं आहेत, छाती, कंबर, बाही, आणि कुणाचा कोणता खांदा उतरता तेही. मी मागच्या बाजूने सुरुवात केली आहे. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण वही टाकवत नव्हती.

शिक्षण चौथीपर्यंत, आणि चौथीही पुरी नाही. तरी सगळे मला मास्तर म्हणतात, कारण दुकानावर 'टेलर मास्तर' अशी पाटी होती. आमच्या बैठकीतला निवृत्त पोस्टमन म्हणतो, "शाळेने काढून टाकलेला हा एकटाच मास्तर."

बैठक दर शनिवारी सकाळी दवाखान्यावरच्या वाचनालयात भरते. सिस्टर त्याच दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या. त्या एक प्रश्न टाकतात आणि उत्तर आपापल्या कामातून द्यायचं. पुस्तकातलं चालत नाही. आजचा प्रश्न, चांगलं काम कशाला म्हणायचं? मग माझी पाळी आली. मी म्हणालो, कपड्यात माया ठेवली तर ते चांगलं काम. पोस्टमन हसला. मग मला समजावून सांगावं लागलं की शिवणीच्या आत आम्ही बोटभर जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. वरून दिसत नाही. माणूस सुटला, पोर वाढलं, की उसवायचं आणि सैल करायचं.

सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, परत सांगा." मला वाटलं काहीतरी चुकलं. परत सांगितलं. त्या नुसत्याच मान हलवत राहिल्या.

घरी बायकोला विचारलं, का बरं परत सांगायला लावलं असेल? ती म्हणाली, "आवडलं म्हणून." मग तसं म्हणायचं ना. मी दोन तास घोर लावून घेतला.

आजची काळजी लिहायची आहे. 'सगळ्याची' असं लिहायला बंदी आहे. सिस्टर म्हणतात, कुठे दुखतं विचारल्यावर जो सगळीकडे म्हणतो, त्याला औषध देता येत नाही. बोट ठेवा. आणि मग विचारा, यातलं आपल्याला करता येण्यासारखं काय?

बोट ठेवतो. एक, गॅस बंद केला होता का. दोन, बायको बोळात पडेल का. तीन, वाचताना मी अडखळलो त्याला लोक हसले असतील का. तीन बोटं झाली. उद्या कमी करीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बायको आज काठी खांद्यावर टाकून दोनशे बारा पावलं चालली. आमच्या इमारतीमागून दवाखान्यापर्यंत जो बोळ जातो तो एवढाच आहे, शेवटी तीन पायऱ्या. नऊ महिन्यांपूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, दवाखान्यात येऊन जे कराल ते निम्मं औषध, पायाने येणं हे बाकीचं निम्मं. पहिल्या दिवशी तिला बोळ पार करायला पाऊण तास लागला होता. आता मी मागे राहतो आणि ती पुढे जाऊन म्हणते, "या हो, या, सावकाश या."

पायऱ्यांपाशी पालिकेचा कागद चिकटवलेला दिसला. बोळ आणि शेजारची मोकळी जागा मिळून गाड्या उभ्या करायला वाहनतळ होणार. बोळाच्या तोंडाशी भिंत येणार. दवाखान्यात जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा. तिथे दोनदा रस्ता ओलांडावा लागतो आणि ट्रक कुणाला थांबत नाहीत. हरकती अकरा तारखेपर्यंत द्यायच्या आहेत.

मी तीनदा वाचलं. बायको म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "पाणी उशिरा येणार." आयुष्यात तिच्याशी इतकं वाईट खोटं मी बोललो नव्हतो. तिने दोन घागरी भरून ठेवल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

बैठकीत तोच विषय. सिस्टरनी कागद माझ्या हातात दिला, "मास्तर, मोठ्याने वाचा, तुमचा आवाज मोकळा आहे." गेले दोन महिने त्या मलाच वाचायला लावतात. माझं वाचन सुधारावं अशी त्यांची धडपड दिसते. मी अडखळलो की थांबतात, घाई करत नाहीत. अशी शिक्षिका मला सातव्या वर्षी भेटती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

पोस्टमन म्हणाला, "पालिका काय आपलं ऐकणार आहे?"

सिस्टर म्हणाल्या, "ऐकणं त्यांच्या हातात. सांगणं कुणाच्या हातात?"

"आपल्या."

"मग आधी आपलं करू."

असं काही त्या बोलतात आणि माझ्यासारख्याचं पाठीचं हाड ताठ होतं. मग चहा आला. सिस्टर कपाच्या आत बोटाचं टोक धरून चहा ओततात. किती गरम आहे ते पाहत असतील, नर्सची सवय.

प्रत्येकाने आपल्या हाताने अर्ज लिहायचा ठरलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

अर्ज दिला. छापील कागद आहे, 'आपले म्हणणे' याच्यापुढे दोनच ओळी. दोन ओळींत काय मावणार? म्हणून बाकीचं पाठीमागे लिहिलं, पान भरून. बायकोची दोनशे बारा पावलं, ट्रक, पायऱ्या, सगळं. अक्षर चांगलं आलं. आत जाताना टेबलावरच्या कारकुनाला नमस्कार केला, त्याने वर पाहिलं नाही, तरी बाहेर येताना परत केला.

बायकोला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला मंगळवारीच वाचता आलं होतं. डावा हात गेलाय, डोळे नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. घागरी उगाच भरल्या मात्र."

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज अक्षर वाईट येईल.

पालिकेने यादी लावली. हरकत घेणारे एकेचाळीस. त्याखाली 'योजनेस ना-हरकत देणारे' असा रकाना आणि त्यात एकच नाव. अर्ज क्रमांक सतरा. माझं.

मी कारकुनाकडे गेलो. "साहेब, काहीतरी चुकलंय."

त्याने गठ्ठ्यातून माझा कागद काढून समोर धरला. "आजोबा, हे अक्षर तुमचंच ना? वाचा."

माझंच होतं. 'साहेबांस नमस्कार. पालिकेने गाड्यांची सोय करावी, आमची काहीच हरकत नाही.' दोन ओळी तिथेच संपल्या होत्या. 'परंतु' पाठीमागे होता.

"मागे बघा ना साहेब."

"मागे कुणी लिहायला सांगितलं होतं? आता मुदत संपली. सुनावणीत सांगा काय ते."

सभ्यपणाने सुरुवात करावी म्हणून लिहिलं होतं ते. पहिल्याच वाक्यात साहेबाला नाही कसं म्हणायचं? अख्ख्या वस्तीत बोळ बुजवायला सही कुणी दिली, तर ज्याची बायको त्याच बोळात चालायला शिकली त्या नवऱ्याने.

आजची काळजी, एकच. बोट ठेवायला शोधावं लागलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय. ती म्हणाली, "पुन्हा पाणी उशिरा येणार वाटतं."

सांगितलं मग. मला वाटलं रडेल. ती इतकी हसली की पाण्याचा ठसका लागला. नंतर मात्र बराच वेळ खिडकीतून बोळाकडे पाहत बसली होती. उजव्या हाताने डावा हात चोळत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जाणारच नव्हतो. बायकोने हाताला धरून बोळातून नेलं, म्हणजे मी तिला धरलं होतं की तिने मला, हे सांगता येणार नाही.

सगळ्यांसमोर कबूल केलं. पोस्टमन म्हणाला, "वा मास्तर! सरकार पक्षात गेलात आणि पेढे... आपलं, चहासुद्धा नाही?" मला पोस्टमनचा राग आला नाही. तो थट्टा करतो तेव्हा त्याला वाईट वाटलेलं असतं, एवढं आता कळतं.

सिस्टरनी विचारलं, "मास्तर, आयुष्यात 'हरकत नाही' किती वेळा म्हणालात?"

मोजणं शक्य आहे का? उद्या कपडा पाहिजे, हरकत नाही. गळा अजून खोल करा, हरकत नाही. मेव्हण्याने दुकानाची पुढची जागा मागितली, हरकत नाही. तीन दिवस डोळे फोडून शिवलेला कोट गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही, आणि वर्षाने येऊन जुना झालाय म्हणालं, तेव्हाही हरकत नाही.

"त्यातल्या किती वेळा खरोखर नव्हती?"

त्या थांबल्या. त्यांना थांबता येतं. माझ्याच दिशेला तोंड करून, पण माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत थांबल्या. माणसाला लाजवायचं नाही म्हणून नजर अशी बाजूला ठेवत असतील.

"फार थोड्या वेळा," मी म्हणालो.

"मग तुमची चूक अर्जात झालेली नाही. अर्जात ती फक्त उघडी पडली. बरं झालं. दडलेल्या गळवापेक्षा हे बरं."

यातलं करता येण्यासारखं काय, तर सुनावणीत उभं राहायचं. आणि या आठवड्याचा अभ्यास मला एकट्याला, 'हरकत नाही' म्हणायच्या आधी एक श्वास घ्यायचा.

परत येताना बोळात सिस्टरनी माझा कोपर धरला. त्या आमच्याच बाजूला, दोन इमारती सोडून राहतात. मी कोसळेन अशी त्यांना भीती वाटली असणार. दुसऱ्या हाताने भिंतीवरून बोटं फिरवत चालत होत्या, लहान मुली चालतात तशा. एवढ्या वयात मन किती हलकं ठेवलंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

श्वास घ्यायचा अभ्यास. वरच्या मजल्यावरच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या दारात माझी सायकल ठेवू का?" मी श्वास घेतला. घेतलेला श्वास सोडायचा विसरलो. तो म्हणाला, "दम लागलाय का? बसा, बसा," आणि सायकल घेऊन गेला. म्हणजे जमलं म्हणायचं का?

बायकोने सकाळी आमटी पुढे ठेवली. मीठ नव्हतं. श्वास घेऊन म्हणालो, "मीठ नाही." पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिने चमचा खाली ठेवला. "मला वाटायचं तुम्हाला चवच नाही," ती म्हणाली. आणि खुशीत दिसली.

१ मार्च, शनिवार

सगळ्यांच्या वतीने एक निवेदन वाचायचं आहे. ते सिस्टरनी लिहून आणलं. माझ्याकडे दिलं आणि मला एक ओळ लागेना. ओळी एकमेकींवर चढलेल्या, शब्द कागदाच्या कडेवरून खाली उतरलेले. मला वाटलं माझंच अज्ञान. पोस्टमनला दाखवलं. आयुष्यभर वाईट अक्षरं वाचलेला माणूस, तोही बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग थट्टा न करता म्हणाला, "सिस्टर, तुम्ही सांगा, मास्तर लिहून घेतील."

मी लिहिलं. त्या म्हणाल्या, "मोठं लिहा. अजून मोठं." एका पानावर सहा ओळी मावल्या. ऐनवेळी मला वाचावं लागलं तर अडखळू नये म्हणूनच.

वाचणार त्या. मी फक्त पानं धरून शेजारी उभा राहणार.

६ मार्च, गुरुवार

संध्याकाळचे पाच. आत्ताच आलो. सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पालिकेच्या सभागृहात पंख्यांचा आवाज मोठा आणि खुर्च्या कमी. साहेब तरुण होते, बोलायला वाईट नव्हते. ते म्हणाले, "योजनेला ना-हरकत देणारे आधी बोलतील. क्रमांक सतरा."

मागे हशा पिकला. मी सिस्टरकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं. नर्सच्या हाताला जोर असतो.

"हं आजोबा, तुमचा पाठिंबा आहे."

श्वास घेतला. सोडला सुद्धा.

"साहेब, मी शिंपी. गिऱ्हाइकाने काही म्हटलं की माझ्या तोंडून पहिला शब्द हरकत नाही हाच यायचा. पटलं तरी आणि नाही पटलं तरी. तुमच्या कागदावरही हात तसाच वळला. पण तो कागद एकदा उलटा करा."

त्यांनी कारकुनाकडून कागद मागवला. उलटला. वाचू लागले. सगळं सभागृह पंख्यांचा आवाज ऐकत होतं. पान संपल्यावर साहेबांनी विचारलं, "पण मोठ्या रस्त्याने वाट आहेच ना?"

माझ्या हातात सिस्टरची मोठ्या अक्षरांची पानं होती. त्यात याचं उत्तर होतं. पण चष्म्यावर वाफ धरली होती. पानं खाली घेतली आणि मला जे येतं ते बोललो.

"साहेब, कपड्यात आम्ही माया ठेवतो. शिवणीच्या आत, बोटभर. ज्याने आमची वस्ती आखली त्याने बोळ ठेवला तो असाच. माझ्या बायकोला झटका येईल हे त्याला माहीत नव्हतं. पण कुणाला तरी, कधीतरी, काहीतरी होणार, एवढं त्याला समजत असणार. माया कापून टाकली की कपडा नीटनेटका दिसतो हो. पण मग अंग बदललं की त्या कपड्याचं काहीच करता येत नाही."

साहेब म्हणाले, "त्या आल्या आहेत का?"

"आलेय की," मागून बायकोचा आवाज. "बोळातून पायी, पुढे गाडीने. परतही तशीच जाणार आहे, तुम्ही आज भिंत घातली नाहीत तर."

साहेबच हसले.

मग सिस्टर उठल्या. निवेदन वाचायला मी पानं पुढे केली, त्यांनी घेतली नाहीत. म्हणाल्या, "मास्तरांनी सांगितलं तेच आमचं म्हणणं. एक जोडून घ्या. त्या बोळात भिंतीला हात लावून चालणारी माणसंही आहेत. मोठ्या रस्त्याला भिंत नाही." एवढंच बोलून बसल्या. बोलताना त्या साहेबांकडे नाही, त्यांच्या शेजारच्या कपाटाकडे बघत होत्या. साहेबापुढे वाकायचं नाही, असं असेल. आणि भिंतीला हात लावून कोण चालतं ते मला अजून समजलं नाही. मी रोज जातो तिथून, पण कधी लक्ष गेलं नाही. स्वतःचं काहीही अडलेलं नसताना ही बाई दुसऱ्याचं किती बारीक पाहते!

बाहेर आल्यावर पोस्टमन माझ्याशी हात मिळवत म्हणाला, "आता खरे मास्तर झालात." मी त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करत नव्हता.

घरी हे सगळं बायकोला पुन्हा सांगितलं, ती तिथेच होती तरी. सिस्टरच्या कपाटाचंही सांगितलं. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तुम्हाला खरंच कळलं नाही का हो?"

"काय?"

"काही नाही. चष्मा पुसत जा."

२० मार्च, गुरुवार

पालिकेचा नवा कागद लागला. वाहनतळ होणार, पण बोळ राहणार. चार फुटी. शिवाय हाताने धरायला कठडाही बसवणार. बायकोने कागद स्वतः मोठ्याने वाचला आणि उलट पावली बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली, काही कारण नसताना.

मग नकाशा नीट पाहिला. कठडा एकाच बाजूला, दवाखान्याकडे जाताना उजवीकडे. जाताना ठीक आहे, तिचा उजवा हात धड आहे. पण येताना तोच कठडा डावीकडे येतो.

खाली ओळ होती, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.

एवढं मिळालं त्यातच समाधान मानावं, पुन्हा साहेबांना कशाला त्रास, असं एका क्षणात मनात आलं. श्वास घेतला. छापील कागद आणला. 'आपले म्हणणे'च्या पुढे पहिला शब्द लिहिला, हरकत. दुसरा लिहिताना हात थांबला, सवयीने 'ना'कडे वळायला लागला होता. त्याला ओढून आणलं. आहे. हरकत आहे. कठडा दोन्ही बाजूंना हवा. पुढच्या बाजूलाच सगळं मावलं. अर्धी ओळ उरली.

२२ मार्च, शनिवार

सिस्टरना अर्ज दाखवला. म्हणाल्या, "वाचून दाखवा." वाचला. एकदाही अडखळलो नाही. त्या म्हणाल्या, "परत वाचा." आता मला माहीत आहे, परत म्हणजे आवडलं.

"अर्धी ओळ उरलीय म्हणता, तर एक लिहाल? पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा ओढा म्हणावं. रुंद."

"कशाला?"

"उठून दिसेल."

लिहिलं. त्यांच्या डोक्यातून काही सुटत नाही.

येताना आम्ही तिघं बोळातून. बायको पुढे, काठी काखेत. सिस्टरनी नेहमीसारखा माझा कोपर धरला, मी पडू नये म्हणून. सकाळी घरातून निघताना बायकोने बजावलं होतं, "त्या बरोबर असल्या की पायरी आली, पायरी संपली, असं मोठ्याने सांगत जा."

मी म्हटलं होतं, "मला दिसते की पायरी."

"तुम्हाला दिसते हो," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

तिच्या म्हणण्याला माझी हरकत नव्हती, म्हणून तीन पायऱ्यांना तीनदा म्हणालो, "पायरी." तिन्ही वेळा सिस्टर म्हणाल्या, "हो." शेवटची उतरून झाल्यावर त्या थांबल्या. माझा कोपर सोडला नाही.

"मास्तर, हे रोज सांगाल?"

मी श्वास घेतला. नीट तपासून पाहिलं, आत कुठे काही अडतंय का.

"हरकत नाही," मी म्हणालो.

कागदाच्या मागे लिहायला या वेळी काही उरलं नव्हतं.